ओवेच्किनचे उणे ३५ : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की, एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमध्ये वॉशिंग्टनकडून खेळणाऱ्या अलेक्झांडर ओवेच्किनच्या गोलांचं मी तोंडभरून कौतुक केलं, पण २०१३-१४ च्या मोसमातलं त्याचं उणे ३५ हे प्लस-मायनस लेखात आणलंच नाही. शिवाय, बचावाला मागे न येणारा फॉरवर्ड चर्चगेटच्या हॉकी स्टेडियमवर दुसऱ्या सामन्याला संघात दिसला नसता, असंही तुम्ही लिहिलंत.

तो आकडा यायला हवा होता, हे मान्य. पण त्यावरून तुम्ही काढलेला निष्कर्ष मला पटत नाही.

खेळाडू बर्फावर असताना आपल्या संघाने गोल केला तर अधिक एक, खाल्ला तर उणे एक, एवढाच हा हिशेब. मात्र पॉवर प्लेवर, म्हणजे समोरचा खेळाडू शिक्षा भोगत बाहेर बसलेला असताना केलेला गोल यात धरतच नाहीत. त्या मोसमात ओवेच्किनने लीगमधले सर्वाधिक, ५१ गोल केले आणि त्यांतले २४ पॉवर प्लेवरचे होते. जवळपास निम्मी कमाई हिशेबाबाहेर गेली! उलट त्याच पॉवर प्लेवर समोरच्यांनी पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, पळवून गोल केला, तर उणे मात्र पडतो. संघ हरत असताना शेवटी गोलकीपरला बाहेर बोलावून जादा फॉरवर्ड उतरवतात. गोल हवा असतो, म्हणून तेव्हा ओवेच्किन बर्फावर असणारच. रिकाम्या जाळ्यात पक गेला की तोही त्याच्या नावावर उणे.

तरीही तुमच्या नजरेने जे टिपलं ते खरं आहे. पक हातचा गेल्यावर तो त्या वर्षांत नुसता घसरत मागे यायचा. जिथे बर्फावरची एक पाळी साधारण ४५ सेकंदांची, मग खेळाडू बदलतात, तिथे दमलो हे कारण मी तरी ऐकणार नाही. आणि त्याला जमत नव्हतं असंही नाही. २०१८ च्या प्लेऑफमध्ये २४ सामन्यांत १५ गोल करून त्याने वॉशिंग्टनला स्टॅनले कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, मिळवून दिला, तेव्हा हाच माणूस मागे धावत होता, समोरच्यांच्या फटक्यांपुढे अंग टाकत होता. म्हणून त्याचा तो दोष मला जास्त खुपतो.

पण समोरच्यांच्या गोलजवळ बर्फावर आखलेल्या डावीकडच्या वर्तुळाचं, त्याच्या नेहमीच्या जागेचं काय? उजव्या हाताचा खेळाडू तिथे उभा राहिला की पलीकडून आलेला पास न अडवता थेट हाणता येतो. तो तिथेच उभा राहणार हे सगळ्या लीगला ठाऊक, तरी वीस वर्षं कुणाला थोपवता आलं नाही. ६ एप्रिल २०२५ ला, आपल्याकडे रविवारची रात्र होती, त्याने ८९५ वा गोल करून वेन ग्रेट्झ्कीचा लीगमधल्या सर्वाधिक गोलांचा विक्रम मोडला, तोही पॉवर प्लेवर, त्याच बाजूने. दादरच्या आमच्या घरात मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो होतो.

मूळ लेखात उणे ३५ आज घालतो. त्याच ओळीत २४ हा आकडाही येईल.