त्याला फुंकर कोण मारणार?

मी अंगणवाडी सेविका आहे. यंदा १९ वर्षं होतील. इथं मी फारसं लिहीत नाही, पण एक गोष्ट वर्षभर मनात घेऊन फिरतेय. आज ती लिहून टाकते.

आमचं गाव उसाच्या पट्ट्यातलं. दिवाळीच्या सुमारास बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात, गावाबाहेर माळावर त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी. दोघं पहाटे अंधारातच फडात जातात आणि लेकरं एकतर बांधावर, नाहीतर कोपीत थोरल्या बहिणीच्या कडेवर. मागच्या हंगामात मी आणि मदतनीस ताई कोप्यांवर जाऊन लहानग्यांची नावं लिहून आलो. दुसऱ्या दिवशी पाच मुलं आली. त्यातला एक पोरगा साडेतीन वर्षांचा असेल. तो दाराशीच बसायचा, भिंतीला पाठ लावून. आठ दिवस तोंडातून शब्द नाही. खिचडीची ताटली पुढं ठेवली तरी नुसता बघत राहायचा.

आमच्याकडं त्याच्याच वयाची एक मुलगी आहे. तिला इथं चिमी म्हणते. एक दिवस ती आपली ताटली दोन्ही हातांनी धरून, सांडत सांडत त्याच्याजवळ जाऊन बसली. स्वतः घास घेतला नाही. आधी वाकली आणि त्याच्या खिचडीवर फुंकर मारायला लागली. गाल फुगवून, डोळे बारीक करून. फुंकरीपेक्षा थुंकीच जास्त उडत होती. मग कडेच्या भातात बोट घालून बघितलं आणि म्हणाली, "निवली. खा." आणि तो जेवला. आठ दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवला.

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिची आजी तिला अशीच फुंकर मारून भरवते, ते मी तिच्या घरी पाहिलंय. आपल्याला जे मिळालं ते तिनं शेजारच्याला दिलं, एवढंच.

दोन दिवसांनी तिची आई आली. "बाई, हिला टोळीतल्या पोरांजवळ नका बसवू. खरूज-बिरूज असते." त्या लेकराच्या अंगावर काही नव्हतं. त्याच आठवड्यात मी सगळ्यांची वजनं घेतली होती, अंग बघितलं होतं. मला माहीत होतं, तरी मी बोलले नाही. गावात राहायचंय, पालकांशी वाकडं कशाला घ्या, असा विचार केला आणि दुसऱ्या दिवशी चिमीला खिडकीकडच्या ओळीत बसवलं.

खिचडी वाढून झाली. चिमी जेवेना. जवळ जाऊन विचारलं तर दाराकडं बोट दाखवून म्हणाली, "बाई, त्याला फुंकर कोण मारणार?"

मला उत्तर आलं नाही. वाटून खावं, मिळून राहावं, अशी गाणी मी १९ वर्षं मुलांकडून म्हणून घेतेय. आणि एक मूल खरोखर तसं वागलं तेव्हा मीच त्याला हाताला धरून उठवलं होतं. तिला परत त्याच्याशेजारी बसवलं. संध्याकाळी तिच्या घरी गेले आणि आधीच बोलायला हवं होतं ते आईशी बोलले. आई गप्प राहिली. राग आला असेल. पण चिमीची जागा मी पुन्हा हलवली नाही.

मुलं म्हणजे देवाघरची फुलं, असं आपण म्हणतो. मला ते पटत नाही. हीच चिमी चेंडूसाठी दुसऱ्या मुलीच्या दंडाला कडकडून चावली होती. मुलं हट्टी असतात, हिसकावून घेतात, ढकलतात. पण समोरच्याची अडचण त्यांना आधी दिसते. आपल्याला आधी माणूस दिसतो. कुणाचा, कुठला, कुठल्या घरचा, आणि ते सगळं चौकशीत पास झालं तरच अडचण दिसते. चिमीला फक्त गरम खिचडी आणि न जेवणारं पोर दिसलं.

माझी मुलगी मानसशास्त्र शिकते. तिनं मला जर्मनीतल्या एका प्रयोगाबद्दल सांगितलं, २००६ साली छापून आलेला. दीड वर्षाची २४ मुलं. एक माणूस कपडे वाळत घालताना चिमटा खाली पडतो आणि हात पोचत नाही असं दाखवतो. अशा वेगवेगळ्या प्रसंगांत २४ पैकी २२ मुलांनी एकदा तरी मदत केली, न सांगता. आणि तोच चिमटा त्यानं मुद्दाम फेकला तर मुलं सहसा जात नव्हती. म्हणजे त्यांना गरज कळत होती. २००८ च्या दुसऱ्या प्रयोगात, मदतीबद्दल खेळणं मिळालेली मुलं पुढच्या वेळी कमी मदत करताना दिसली. हे ऐकून मी घाबरले, कारण ताटल्या गोळा करणाऱ्या मुलाला मी गोळी द्यायचे. त्या दिवसापासून बंद केली. ताटल्या अजूनही गोळा होतात.

आमच्या प्रशिक्षणात, खेड्यातल्या लहान मुलांच्या शिक्षणासाठी झटलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्याबद्दल सांगितलं होतं. १९४५ मध्ये डहाणूजवळ बोर्डीला त्यांचं काम सुरू झालं, पुढं कोसबाडला गेलं. मूल शाळेत येत नाही, तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी थेट कुरणावर शाळा भरवायची. अंगणवाडी हे नाव त्याच कामातून आलं. सरकारची योजना आली ती १९७५ मध्ये. तेव्हा मी हे टिपून घेतलं, परीक्षेत लिहिलंही. त्याचा अर्थ मात्र मला दाराशी बसलेल्या त्या पोरामुळं कळला.

मार्चमध्ये टोळी गेली. चिमी आता साडेचार वर्षांची आहे. ताटली आली की आधी शेजारच्या ताटलीवर फुंकर मारते, कुणीही बसलेलं असो. तिचं बघून आता आणखी तिघं-चौघं मारतात.

कारखान्याचं गाळप सुरू व्हायची वेळ झाली. काल मदतनीस ताईंनी कपाटातून ताटल्या काढून मोजल्या, ४० भरल्या. मी म्हटलं, आणखी दहा धुऊन ठेवा.