ऑटिझमचे निदान सांगण्याची सक्ती नको : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या उमेदवाराने मुलाखतीत निदान सांगितले नाही तर ती मालकाची फसवणूक होते, आणि जळगावच्या एमआयडीसीत मालकच पाच मिनिटांत माणूस पारखत असल्याने कायद्याच्या गोष्टी इथे निरुपयोगी आहेत, असे आपण लिहिले आहे. आपण स्वतः डाळमिल चालवता, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

विचारलेल्या प्रश्नाचे खोटे उत्तर देणे ही फसवणूक आहे, हे मला मान्य आहे. यंत्राजवळ काम असेल आणि अचानक होणाऱ्या आवाजाने धोका संभवत असेल, तर तेही सांगितलेच पाहिजे. परंतु हिशेबाच्या जागेसाठी आलेल्या मुलाने न विचारता आपले निदान सांगावे, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते, कारण त्या एका शब्दानंतर त्याच्या हिशेबाकडे कोणी पाहतच नाही. "मला प्रश्न लिहून दिले तर नीट उत्तर देता येते" एवढे त्याने सांगितले तरी मालकाला हवी ती माहिती मिळते. आपले निदान तो नेमणुकीनंतर, विश्वास बसल्यावर सांगू शकतो, किंवा कधीच न सांगितले तरी चालते.

पाच मिनिटांच्या पारखीत नजरेला नजर, हजरजबाबीपणा आणि "स्वतःविषयी सांगा" या मोघम प्रश्नाचे उत्तर तपासले जाते, आणि नेमके तिथेच हे उमेदवार मागे पडतात. त्याऐवजी खरेदीची बिले हाती देऊन अर्धा तास नोंदी करायला लावल्या, तर चूक आणि अचूकता दोन्ही कागदावर दिसतील. सर्वच उमेदवारांना तसे केल्यास कोणालाही वेगळे काही सांगावे लागणार नाही.

सरकारी भरतीत मात्र प्रश्न वेगळा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 नुसार राखीव असलेल्या 4 टक्के जागांपैकी 1 टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांच्यासाठी मिळून आहे. त्यासाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र अर्जासोबत द्यावेच लागते. सोयी मागण्यासाठी मात्र 40 टक्क्यांची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये विकास कुमार प्रकरणात स्पष्ट केले.

खासगी क्षेत्रात कायद्याची पकड सैल आहे, हे आपले म्हणणे बरेचसे खरे आहे. तरीही याच अधिनियमाच्या कलम 21 प्रमाणे समान संधी धोरण प्रत्येक आस्थापनेला जाहीर करावे लागते, आणि 20 किंवा अधिक कर्मचारी असतील तर दिव्यांगांसाठी योग्य पदे व निवडीची पद्धतही त्यात लिहावी लागते. आपल्या मिलमध्ये तेवढी माणसे असतील, तर ते धोरण जरूर पाहावे.