ठेकेदारांनो, डब्ल्यूसीचा हप्ता वाचवा!

रंगकाम, प्लास्टर, सेंट्रिंग, वायरिंग, फॅब्रिकेशनची कामं घेणाऱ्या माझ्या तमाम बंधूंनो, तुमचे हाल मला बघवत नाहीत. बिल्डर चार-चार महिने बिल अडकवतो, वर रिटेन्शन म्हणून बिलातले थोडे पैसे रोखून धरतो, तुम्ही हूं की चूं करत नाही. पण डब्ल्यूसी पॉलिसीचा (वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन, म्हणजे कामगाराला अपघातात द्यायच्या भरपाईचा विमा) हप्ता भरायची वेळ आली की तुमच्या तोंडून जो हुंदका फुटतो, तो ऐकून दगडालाही पाझर फुटावा. वर्षभर पैसे भरायचे आणि कोणी पडलंच नाही तर सगळे पाण्यात! तेव्हा आपल्या धंद्यात बापजाद्यांपासून चालत आलेल्या बचतीच्या युक्त्या इथे एकत्र करून देतोय. फी नको.

आधी ही पॉलिसी कशासाठी असते ते विसरा. भरपाईचा कायदा १९२३ चा, इंग्रजांच्या अमदानीतला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. म्हणणं मात्र बदललं नाही. कामावर असताना, कामामुळे माणसाला इजा झाली तर भरपाई मालकाने द्यायची, मग त्यात मालकाची चूक असो वा नसो. पॉलिसी काढली नाही म्हणून ते देणं टळत नाही, ते फक्त तुमच्या खिशातून जातं. पण हे सगळं वकिलांना सांगू द्या. तुम्हाला आणि मला ठाऊक आहे की पॉलिसी असते ती बिलाला जोडायला. झेरॉक्स नसेल तर साइट इंजिनिअर बिल पुढे सरकवत नाही. म्हणजे आपल्याला विमा नको आहे, झेरॉक्स हवी आहे. एवढं मनाशी पक्कं केलं की बाकी सगळं सोपं.

हप्ता ठरतो माणसं किती, मजुरी किती आणि काम कसलं यावर, आणि देवाची कृपा अशी की हे तिन्ही तुम्हालाच सांगायचं असतं. साइटवर चाळीस माणसं असली तर पाच लिहा. मिस्त्री रोज हजार रुपये घेत असला तर महिन्याचे आठ हजार लिहा. कामाच्या रकान्यात ‘घरातील रंगकाम’ टाका. बाराव्या मजल्याला झुल्यावर लोंबकळत बाहेरून रंग मारणारा माणूससुद्धा अखेर कोणाच्या तरी घरालाच रंग मारत असतो. दवाखान्याच्या खर्चाचं जादा कलम घेऊ नका. हाताखालच्या पेटी ठेकेदाराची माणसं तर मुळीच धरू नका. हप्ता इतका खाली येईल की एजंट चहासुद्धा विचारणार नाही. आता उरलं एकच काम: पडणारा माणूस त्या पाचातलाच निघेल एवढं बघा. रोज सकाळी परांचीवर चढण्याआधी सगळ्यांना गोळा करून स्पष्ट सांगत चला की ज्याला पडायचं असेल त्याने आधी यादीत नाव आहे का विचारावं.

एखादा शंकेखोर विचारेलच की पडला तर किती बसतील. मृत्यूचा हिशेब असा: महिन्याच्या मजुरीच्या निम्मी रक्कम गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. मजुरी कितीही असो, जानेवारी २०२० पासून या हिशेबाला ती १५ हजारांपर्यंतच धरली जाऊ लागली. पंचवीस वर्षांच्या पोराचा आकडा २१६.९१. साडेसात हजाराला त्याने गुणा: १६ लाख २६ हजार ८२५. घाबरू नका, कायद्यातच पळवाट आहे. वय वाढेल तसा हा आकडा उतरतो आणि पासष्टीच्या पुढे तो ९९.३७ वर येतो. म्हणजे त्याच मजुरीला साडेसात लाखांच्या आत काम. तेव्हा झुल्यावर यापुढे आजोबाच बसवा. निम्म्याहून जास्त बचत होईल, शिवाय ज्येष्ठांना रोजगार दिल्याचं पुण्य वेगळं.

अवयवांचंही कोष्टक आहे. अंगठा गेला तर कमाईची शक्ती ३० टक्के गेली असं धरतात, तर्जनीला १४, करंगळीला फक्त ७. कटर मशीन धरताना करंगळी पुढे ठेवायची सवय पोरांना पहिल्या दिवसापासून लावा. फक्त या कोष्टकावर फार विसंबू नका. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. हे काही शंभर टक्के नुकसान नव्हे, असा मालकाचा युक्तिवाद. एका हाताने सुतारकाम होत नाही, ही साधी गोष्ट सुप्रीम कोर्टाने १९७६ मध्ये मान्य केली आणि भरपाई पूर्ण द्यायला लावली. कोर्टात सुतारकाम कळणारे लोक बसतात ही आपल्या धंद्याची मोठीच अडचण आहे.

अपघात झालाच तर पहिली ओळ पाठ असू द्या: “हा आमचा माणूसच नाही.” मस्टरवर नाव नाही, काल नाक्यावरून उचलून आणलेला. रोजंदारीवरच्या माणसाला वगळणारे शब्द कायद्यातून २००० सालीच काढून टाकलेत, पण म्हणून बघायला काय हरकत आहे? फक्त त्याआधी दर शनिवारी त्याला यूपीआयने पाठवलेली मजुरी कशी पुसायची तेवढं बघा. दुसरी ओळ, “प्यायलेला होता.” हीसुद्धा जखमेपुरती चालते, माणूस मेला किंवा कायमचा पूर्ण निकामी झाला तर चालत नाही. ‘काही झाल्यास ठेकेदार जबाबदार नाही’ असं स्टॅम्प पेपरवर आधीच लिहून घेतलं असेल तर तो कागद जपून ठेवा, खिडकीची काच पुसायला बरा पडतो. कायद्याने असला करार रद्दच आहे. आणि दुपारी बाराला माणूस पडल्यावर चारला पॉलिसी काढायचा मोह होईल, पण त्या मेल्या कागदावर सुरू होण्याची वेळसुद्धा छापतात.

खरी कला आहे ती मिटवण्यात. माणूस गेला की ॲम्ब्युलन्स करायची, मृतदेह गावी पोचवायचा, तेराव्याच्या आत पन्नास हजारांचं पाकीट घेऊन जायचं, वहीत बायकोचा अंगठा घ्यायचा आणि हात जोडतानाचा एक फोटो मुकादमाच्या मोबाइलवर ठेवायचा. गावकरी म्हणतात, शेठ देवमाणूस आहे. आपल्यालाही तसंच वाटू लागतं. फक्त कायद्याला वाटत नाही. मृत्यूची भरपाई सरकारी अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते, जुन्या कायद्यात हा अधिकारी म्हणजे ‘भरपाई आयुक्त’. वारसांच्या हातात परस्पर दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरतच नाहीत, फार तर तीन महिन्यांच्या मजुरीइतकी उचल वजा होते. म्हणजे पाकीट देऊन झाल्यावरही सोळा लाखांचं देणं जवळपास जसंच्या तसं. त्यात ती बाई राहते तिथे दावा लावू शकते. साइट पुण्यात, घर नांदेडला, तर तारखांना नांदेडला जायचं तुम्ही. तेवढंच देवदर्शनही होतं.

तारखा पडू द्या, घाई कसली? महिनाभरात पैसे दिले नाहीत तर वर्षाला १२ टक्के व्याज लागतं. पाच वर्षं ओढलंत तर त्या १६ लाखांवर आणखी पावणेदहा लाख. सबळ कारणाशिवाय उशीर केलात असं दिसलं तर मूळ रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड. हा दंड पॉलिसी असली तरी विमा कंपनीच्या गळ्यात घालता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९९७ मध्येच सांगून ठेवलंय. शिवाय बिल्डर आहेच. काम देणारा मूळ मालक म्हणून त्यालाही धरता येतं. तो भरेल आणि तुमच्या अडकवून ठेवलेल्या बिलातून वळते करून घेईल. चला, ते बिल निदान कशाच्या तरी उपयोगी पडलं.

एवढं होऊनही तुम्ही भरलंच नाही, तर ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. म्हणजे महसूल खात्याचा माणूस जप्तीला दारात. त्यावरही तोडगा आहे. गाडी, फ्लॅट, गावची दोन एकर, सगळं आजच वहिनींच्या नावावर करून टाका. कशाला म्हणून विचारलंच त्यांनी, तर सांगा, पॉलिसीचा हप्ता वाचवतोय.