सर, माका हयसून वाघ दिसना नाय

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी आमच्या मंडळाने वर्गणी काढून इकडच्या एका हॉस्पिटलचा मुलांचा वॉर्ड रंगवून दिला. मी शाळेत चित्रकला शिकवतो, त्यामुळे ब्रश माझ्याच गळ्यात पडला. चार रविवार खपून वाघ, हत्ती, एक आगगाडी काढली. फोटो इथेच टाकले होते, तुम्ही भरभरून लाईकही दिलेत. शेवटच्या रविवारी खिडकीलगतच्या खाटेवरचा नऊ वर्षांचा पोरगा म्हणाला, "सर, माका हयसून वाघ दिसना नाय."

शेजारची खाट रिकामी होती, तिच्यावर आडवा झालो. खरंच दिसत नव्हता. मी सगळी चित्रं उभ्या माणसाच्या नजरेला काढली होती. डॉक्टर, पाहुणे आणि फोटो काढणारे यांच्यासाठी. आडव्या पोराला दिसतं ते छत, त्यावरचा ओलीचा डाग (आपल्याकडे कुठल्या स्लॅबला नसतो म्हणा), पंखा आणि डोळ्यांत घुसणारी ट्यूबलाइट. खिडकी होती, बाहेर चांगला डेरेदार आंबा होता, पण खिडकी त्याच्या डोक्यामागे.

१९८४ साली रॉजर उल्रिच नावाच्या अमेरिकन संशोधकाचा एक छोटा अभ्यास छापून आला. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले रुग्ण, निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसायची, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले आणि त्यांना जड वेदनाशामकंही कमी लागली. ते सगळे मोठे लोक होते, हे खरं. तरी मी सिस्टरना विचारलं, खाट फिरवता येईल का? त्या म्हणाल्या, "सर, ऑक्सिजनचा पॉइंट त्याच भिंतीत आहे." म्हणजे नकाशा काढणारा त्या खाटेवर कधी आडवा झाला नव्हता. मीही नव्हतो झालो.

पोराला मांडीच्या हाडाचा कॅन्सर. परळला टाटामध्ये केमो झाली, आईबाप दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिले, कोकणकन्येने किती फेऱ्या झाल्या ते आता त्यांनाही आठवत नाही. मग तिथल्या डॉक्टरांनी नीट बसवून सांगितलं की आजार आता हटणार नाही. इकडे ताप आला म्हणून वॉर्डात होता.

त्याची आजी सकाळी किनाऱ्यावर लिलावात मासळी घेते, बाजारात विकते आणि दुपारी एकला मोकळी होते. भेटायची वेळ पाच ते सात. त्यांच्या गावाची शेवटची एसटी सव्वापाचला. आजी रिकामी टोपली घेऊन गेटबाहेर बसायची. हत्तीला मी तीन रंग वापरले होते, पण या पोराला हत्ती नको होता, आजी हवी होती. वेळ बदलायला रंगाचा डबासुद्धा लागत नाही. सुई टोचायचं कामही मुलाच्या खाटेवर करू नये, त्यासाठी वेगळी खोली असावी, म्हणजे निदान खाट तरी त्याला सुरक्षित वाटते. ही जुनी, साधी पद्धत आहे. आपल्याकडे ट्रे घेऊन सिस्टर दारात दिसली की अख्खा वॉर्ड रडायला लागतो.

आता एका शब्दाबद्दल. पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारात दुखणं आणि त्रास हलका करणारी सेवा. हे नाव काढलं की आपल्या लोकांचा चेहरा पडतो. "म्हणजे हात टेकले ना?" नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मुलांच्या बाबतीत ही सेवा निदान झालं त्या दिवसापासून, उपचार चालू असतानाच सुरू व्हावी. आणि ती फक्त कॅन्सरची नाही. स्नायू झिजत जाणारी, जन्मतः मेंदूला इजा झालेली मुलंही त्यात येतात. मूळ लॅटिन शब्द पॅलियम, म्हणजे अंगावर घ्यायचा झगा. मी घाटावरचा, पण चौदा वर्षं इथे राहून मला तो शब्द वाचल्यावर इरलंच आठवलं. इरल्याने पाऊस थांबत नाही. भाताची लावणी मात्र होते.

आणि हे इरलं विणायला लागतं मॉर्फिन, अफूपासूनचं जड वेदनाशामक. मुलांसाठीच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत त्याच संघटनेने दोनच पायऱ्या ठेवल्या: दुखणं कमी असेल तर पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन, वाढलं की थेट मॉर्फिनच्या जातीचं औषध, वजनाप्रमाणे मोजून आणि घड्याळ लावून. पोर किंचाळल्यावर नव्हे. साधी गोळी महागही नाही. अडचण होती १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याची, वेगवेगळ्या खात्यांच्या परवान्यांची. २०१४ साली तो कायदा बदलला, मान्यताप्राप्त संस्थेला औषध ठेवणं सोपं झालं. तरीही या पोराचा बाप बोटीवरची रजा काढून गोळ्यांसाठी मुंबईला जायचा. इथे एका मेडिकलवाल्याने त्याच्याकडे असं पाहिलं की जणू हा गर्द मागायला आलाय. "सवय लागेल" हे त्याला तीन जणांनी ऐकवलं. बद्धकोष्ठ होईल, त्याचं औषध सोबत घ्या, हे उपयोगाचं वाक्य एकानेही सांगितलं नाही.

मला विचाराल तर आपल्याला काचेच्या इमारतीची गरज नाही. आपल्या वाड्या विखुरलेल्या, निम्म्या घरांपर्यंत रिक्षा जात नाही, पाखाडी उतरून जावं लागतं. तिथे जाणारी नर्स पाहिजे. याच किनाऱ्याने खाली गेलं की केरळ लागतं. त्यांनी २००८ साली यासाठी सरकारी धोरण केलं. पंचायतीच्या मदतीने नर्स घरोघर जाते, सोबत गावातलेच शिकवून तयार केलेले लोक असतात. आपली मंडळं दहीहंडीला, दशावताराला रात्रभर राबतात. माणसं कमी आहेत असं मला कुणी सांगू नये.

पोरगा आता घरी आहे. मी एका प्लायवर समुद्र काढला आणि त्याच्या बापाने तो खाटेच्या वर वाशांना बांधला, तोंड खाली करून. पोराने बराच वेळ पाहिलं.

"सर, सुरमयचे पट्टे उभे आसतत. तुमी आडवे काढलास."

आजी मागून फिदीफिदी हसली. रविवारी निळा-करडा रंग घेऊन परत जायचंय.