शाल द्या, पुस्तक घेऊ नका

तुमच्या गावातला पुस्तकविक्रेता दुकान न विकता, मोबाईलची कव्हरं न ठेवता, पंचाहत्तर वर्षांचा झाला असेल तर चूक त्याची आहे. तरीही सत्कार करायला हवा. तो कसा करायचा, हे आम्ही म्हापशात गेल्या रविवारी आमच्या पुस्तकविक्रेत्या भाईंवर करून पाहिलं असल्याने चार गोष्टी अधिकाराने सांगतो.

कार्यक्रम पाचचा छापावा आणि साडेसहाला सुरू करावा. सत्कारमूर्तीला मात्र साडेचारलाच आणून बसवावं, म्हणजे ज्याचा वाढदिवस आहे तो मंचावर घाम पुसत बसतो आणि मुख्य पाहुणे ताजेतवाने येतात.

शाली किमान अकरा हव्यात. मे महिना, म्हापसा, छताचा पंखा बोलणाऱ्याच्या डोक्यावर, आणि एकावर एक अकरा शाली. आठव्या शालीला भाईंचा चष्मा खाली पडला, तो एका कार्यकर्त्याने उचलून दिला आणि त्याचाही फोटो निघाला. शालीबरोबर नारळही द्यावा. ज्याच्या परसात सात माड आहेत त्याला नारळाचं काय अप्रूप असतं, ते गोंयकारालाच कळतं.

पुष्पगुच्छ साडेतीनशेचा घ्यावा. साडेतीनशेत पुस्तक येतं, हे कोणाच्या लक्षात आणून देऊ नये. विनाकारण वातावरण बिघडतं.

भाषणासाठी तीन सनावळ्या पाठ कराव्यात. १५५६ (भारतातला पहिला छापखाना गोव्यात आला), १६१६ (फादर स्टीफन्सचं मराठी ख्रिस्तपुराण राशोलला छापलं गेलं) आणि १८३२ (पणजीचं ग्रंथालय सुरू झालं). आमच्याकडे पाच वक्ते होते, त्यामुळे छापखाना पाच वेळा आला. चौथ्या वक्त्याला तो १६५६ साली आला, पण टाळ्या तेवढ्याच पडल्या. छापखाना येऊन साडेचारशेच्या वर वर्षं झाली. पुस्तक विकत घ्यायची सवय अजून जहाजातच आहे, मुरगाव बंदराबाहेर नांगर टाकून.

त्या ग्रंथालयाचा अभिमान बाळगावा. कार्ड काढू नये.

भाषणाचा शेवट राजभाषेवर करावा, म्हणजे मुठी आपोआप वळतात. मराठीवरच्या अन्यायाबद्दल माईक फुटेस्तोवर बोलावं, कोकणीला राजभाषा करणारा १९८७ चा कायदा कलमवार सांगावा आणि खाली उतरून नातवाला इंग्रजीत हाक मारावी. नातवाला भाईंच्या दुकानात फक्त एकदा न्यावं, प्रोजेक्टला लागणारा चार्ट पेपर आणायला.

सभागृहाच्या मागच्या बाजूला पुस्तकांचं टेबल मांडायला हरकत नाही. चहाचे कप ठेवायला बरं पडतं. आमच्याकडे दोनशेच्या वर माणसं जमली होती. बटाटवडे संपले. पुस्तकं नऊ खपली. त्यातली दोन भाईंच्या सुनेने घेतली, लाज राखायला. बाकीच्यांनी पुस्तकं हातात घेतली, उलटी करून किंमत पाहिली आणि अत्यंत आदराने जागच्या जागी ठेवली. एकाने विचारलं, “वाढदिवसाचा डिस्काउंट किती?”

वाचनाची खरीखुरी आवड असेल, तर पुस्तक गावात कधीच घेऊ नये. पुण्याला जावं. हा सल्ला मी स्वतः जानेवारीत अमलात आणला आहे. मडगावहून दुपारची गोवा एक्सप्रेस पकडली. पहाटे पुण्याला उतरलो तेव्हा अंगात स्वेटर नव्हता. अप्पा बळवंत चौकात दुकानं उघडेपर्यंत दोन चहा, एक बनमस्का आणि पुन्हा एक चहा झाला. मग स्पर्धापरीक्षेच्या गठ्ठ्यांमधून वाट काढत तीन दुकानं पालथी घातली. पिशवी चौदा किलोची झाली. आणि एक गोष्ट आता कबूल करायला हरकत नाही. पुण्यात मी कुठेही घासाघीस केली नाही. काउंटरवरच्या माणसाने मान वर न करता आकडा सांगितला आणि मी मुकाट मोजला. म्हापशात हाच मी “भाई, राउंड फिगर करा” म्हणतो.

परतीच्या गाडीत बौद्ध पंडित धर्मानंद कोसंबींचं ‘निवेदन’ हे आत्मचरित्र काढलं आणि मिरजेला डब्यातले दिवे मालवेपर्यंत खाली ठेवलं नाही. सांखवाळचा माणूस, १८७६ चा जन्म, घरची माडांची बागायत बघणारा. ‘बालबोधमेवा’ नावाच्या मुलांच्या मासिकात बुद्धाचं चरित्र त्याच्या वाचनात आलं आणि त्याचं घरात लक्ष लागेना. १८९९ सरता सरता त्याने गाव सोडला. आधी पुणं, मग काशी, नेपाळ, सिलोन. १९१० मध्ये तो हार्वर्डला पाली ग्रंथाच्या संपादनासाठी गेला. आणि हे सुरू कशावरून झालं? पोर्तुगीज अमलातल्या एका खेड्यात कोणीतरी, कसंतरी, मुलांचं एक मराठी मासिक पोचवलं यावरून! माझी झोप उडाली. दुसऱ्या दिवशी मी छाती फुगवून ते पुस्तक भाईंना दाखवायला गेलो. भाईंनी स्टूल ओढलं, तिसऱ्या फळीवरून तेच पुस्तक काढलं, फडक्याने पुसलं आणि माझ्या प्रतीशेजारी ठेवलं. तीच आवृत्ती, तीच किंमत.

“हें हांगाच आशिल्लें मरे,” ते म्हणाले. हसून म्हणाले, हे जास्त लागलं.

तेव्हा हा सल्ला बाद समजा. पुढचा घ्या.

पुस्तक घ्यायचं नसलं तरी दुकानात जरूर जावं, फोटो काढायला. ही पद्धत मी जवळून पाहिली आहे. एप्रिलमधली गोष्ट. मी दुकानात बसलेलो. दारात नो-पार्किंगमध्ये गाडी लावून एक गृहस्थ आत आले. त्यांना गोव्याच्या इतिहासावरचं एक पुस्तक हवं होतं. ते सगळ्यात वरच्या फळीवर. भाईंचा उजवा गुडघा गेली तीन वर्षं वाकत नाही. ते डावा पाय आधी ठेवून, कपाटाची कड धरून स्टुलावर चढतात. चढले. पुस्तक काढलं. पावसाळ्यात कपाटात चाळीसचा बल्ब लावून ओल मारलेली, कडुलिंबाचा पाला घालून कसरीपासून वाचवलेली ती प्रत. गृहस्थांनी वीस मिनिटं चाळली, दोन पानं तिथेच वाचून काढली, “पंखा जरा वाढवा” म्हणाले, मग मुखपृष्ठाचा एक आणि मागच्या किमतीचा एक असे दोन फोटो काढले आणि भाईंच्या समोर, त्यांच्याच काउंटरवर कोपर टेकून, अंगठ्याने शोधाशोध केली. “ऑनलाइन तीस टक्के कमी आहे. तुम्ही किती देता?” भाई म्हणाले, दहा. “मग राहू दे.” आणि पुस्तक काउंटरवर आडवं टाकून गेले. पुस्तक परत वर ठेवायला स्टुलावर कोण चढलं ते विचारू नका. मी उठेपर्यंत भाई चढलेही होते.

प्रकाशक जी सवलत देतो, तिच्यातून दुकानाचं भाडं, विजेचं बिल, पुण्याहून येणाऱ्या पार्सलचं भाडं आणि हमालाचे पैसे जातात, मग उरतं ते घरी. त्यातून हा तीस टक्के कुठून देणार, स्वतःचा गुडघा गहाण टाकून? सत्तरी तालुक्याच्या खेड्यांतून गिऱ्हाइकं पत्र टाकायची आणि भाई रजिस्टर्ड बुक पोस्टाने पुस्तकं पाठवायचे. ती स्वस्त सोयही डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. तेव्हा कोणी मूठ वळली नाही. कलम लागू नसावं.

असो, उपरोध सुटत चालला. सावरतो.

रविवारी नववी शाल त्याच गृहस्थांनी घातली.

हो, तेच. दोन फोटोवाले. त्यांनी भाईंचे हात हातात घेतले, “तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून गोव्यात वाचनसंस्कृती टिकून आहे” असं माईकवर म्हणाले, आणि भाईंनी त्यांना ओळखूनही नमस्कार केला. मी मागे बटाटवडा हातात धरून उभा. रात्री साडेदहाला सत्कार समितीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांचा संदेश आला, हात जोडलेल्या तीन चित्रांसकट: भाईंच्या अमृतमहोत्सवानिमित्त सर्व वाचनप्रेमींना दोनशे मराठी पुस्तकांच्या पीडीएफची सप्रेम भेट. खाली एकोणपन्नास अंगठे. ग्रुपमध्ये भाईही आहेत.

आता सल्ला संपला, सरळ बोलतो. पुस्तकविक्रेत्याच्या वाढदिवसाला चोरलेली पुस्तकं वाटता? लेखकाला पै नाही, प्रकाशकाला पै नाही, आणि ज्याच्या नावाने वाटता त्याच्या पोटावर पाय. लाज नाही वाटली? त्या दोनशेतलं एक तरी पान उघडलं कोणी? मी विचारलं ग्रुपवर. कोणी उत्तर दिलं नाही, एकाने शुभ सकाळ पाठवलं.

भाई अकरा वर्षांचे असताना गोवा मुक्त झाला. पुढे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या राज्यात गावोगाव मराठी शाळा उघडल्या, त्या शाळांतल्या पोरांच्या भरवशावर भाईंनी दुकान टाकलं. आज त्या शाळा पोरांअभावी बंद होताहेत आणि ती पोरं, म्हणजे आपण, साठीला आलोत, पेन्शन घेतो, पणजीला जाऊन बाराशेचं जेवण जेवतो आणि दीडशेच्या पुस्तकाला “बघतो” म्हणतो. आपल्याला परवडत नाही असं नाही. आपल्याला फुकट हवंय. मलाही हवं होतं, म्हणून तर पुण्यात मोजलेले पैसे म्हापशात मोजताना माझा हात आखडायचा. मी कोणाला तोंड वर करून बोलावं असा नाही, तरी बोलतोय, कारण दुसरं कोणी बोलत नाही.

सोमवारी दुकानात गेलो. अकराच्या अकरा शाली भाईंनी वरच्या फळीवर अंथरल्या आहेत, कवितांच्या पुस्तकांवर. पावसाळा तोंडावर आलाय, छत त्या कोपऱ्यात गळतं. आणखी शाली लागणार नाहीत, छप्पर तेवढंच आहे.

दुकान सकाळी साडेनऊ ते एक आणि दुपारी चार ते साडेसात उघडं असतं. शुक्रवारी बाजारामुळे गाडी लावायला जागा मिळत नाही, तेव्हा चालत या. पैसे आणा. मोबाईल खिशातून काढू नका. आणि वरच्या फळीवरचं पुस्तक हवं असेल तर स्टुलावर स्वतः चढा.