नमुना नको, मुलांच्या वह्या आणा

"मॅडम, कृतिसंशोधनाचा एखादा पूर्ण झालेला नमुना पाठवा ना. कॉपी नाही करणार, फक्त बघायला." असे मेसेज मला सतत येतात. कृतिसंशोधन म्हणजे शिक्षकानं आपल्याच वर्गातली एखादी अडचण घ्यायची, त्यावर उपाय करून बघायचा आणि त्याचा अहवाल लिहायचा. कोल्हापूर शहरातून येतात, राधानगरी-भुदरगडच्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळांतून येतात, इचलकरंजीच्या खासगी शाळांतूनही येतात. मी कुणालाच नमुना पाठवत नाही. काहीजण नाराज होतात. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

नमुना मागणाऱ्या शिक्षकाला मी आळशी समजत नाही. १२ वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी, २४ वर्षांनी निवडश्रेणी, दोन्हीसाठी प्रशिक्षण. शिवाय कुणी एम.एड. करतंय, कुणी शालेय व्यवस्थापनाची पदविका, कुणी इंटरनॅशनल स्कूलमध्ये आहे म्हणून केंब्रिजचं सर्टिफिकेट. परिपाठापासून पोषण आहाराच्या नोंदीपर्यंत दिवस जातो, मग घरचा स्वयंपाक, स्वतःच्या मुलांचा अभ्यास, आणि सगळं आवरल्यावर रात्री लॅपटॉप उघडायचा. अशा वेळी ग्रुपवर तयार पीडीएफ आली तर माणूस ती उघडणारच. शाळेचं नाव बदला, यूडायस म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक बदला, प्रिंट काढा, स्पायरल करून घ्या, झालं.

माझा राग आहे तो शिक्षकाला त्या वेळी एकटं सोडणाऱ्या पद्धतीवर. कोर्स करा म्हणायचं, मुदत द्यायची, लिंक पाठवायची. पण सोबतीला कोण, हे कुणी विचारायचं नाही. वर्षानुवर्षं शिकवलेल्या माणसाच्या कामाकडं कुणीतरी नीट बघावं, त्यावर त्याच्याशी बोलावं, ही त्याची गरज आहे. ती भागत नाही म्हणून तो नमुना मागतो.

अमेरिकेत नॅशनल बोर्ड म्हणून शिक्षकांसाठी एक संस्था १९८७ पासून आहे. नोकरीसाठी लागणाऱ्या लायसन्सच्या वरचं, ज्याला हवं त्यानं मिळवायचं असं प्रमाणपत्र ती देते. त्याचे चार घटक आहेत. एक मुख्यतः विषयज्ञानाची परीक्षा. बाकी तिन्हींत शिक्षकानं आपल्या कामाचे पुरावे द्यायचे, म्हणजे मुलांनी केलेलं काम, शिकवतानाचे व्हिडिओ आणि त्यावर स्वतः केलेलं लेखन. एखाद्या घटकात गुण कमी पडले तर तेवढ्यापुरता पुन्हा प्रयत्न करता येतो. फी मात्र घटकाला ४७५ डॉलर, एकूण १९००. ही पद्धत आहे तशी इकडं आणा असं मी म्हणणार नाही, एवढे पैसे आपल्या शिक्षकानं कुठून आणायचे?

पण त्यातल्या दोन गोष्टी मला मोलाच्या वाटतात. पहिली म्हणजे त्या लेखनात वर्णन, विश्लेषण आणि चिंतन असं तिन्ही लागतं. वर्गात काय घडलं, तसं का घडलं, पुढच्या वेळी मी काय वेगळं करेन. दुसरी म्हणजे उमेदवाराला मदत करणारे अनुभवी शिक्षक असतात, पण त्यांच्या मदतीला मर्यादा असते. त्यांनी प्रश्न विचारायचे, लिहून द्यायचं नाही. कोणता पाठ निवडायचा, कोणता पुरावा जोडायचा, हा निर्णय उमेदवाराचाच.

आपल्याकडच्या कोर्सच्या स्वाध्यायांत वर्णन भरपूर असतं, आणि तेही ठरावीक वाक्यांत. शाहूवाडी तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेच्या बाई माझ्याकडं आल्या होत्या. त्यांनी लिहिलं होतं, "हातच्याची वजाबाकी कृतीतून शिकवली असता विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला व ९० टक्के विद्यार्थ्यांना अध्ययन निष्पत्ती साध्य झाली." मी विचारलं, उत्स्फूर्त प्रतिसाद कुणी दिला, नावं सांगा. बाईंनी चार-पाच नावं घेतली, सगळी पुढच्या रांगेतली. मग आम्ही मोबाईलवर घेतलेला त्यांच्या पाठाचा व्हिडिओ लावला.

फळ्यावर ५२ वजा २७ होतं. पुढची मुलं ओरडून उत्तर देत होती. मागं खिडकीजवळ एक मुलगी पाटीवर काहीतरी लिहून पुसत होती, पुन्हा लिहीत होती. बाई म्हणाल्या, थांबवा, जरा मागं घ्या. व्हिडिओ मोठा करून बघितलं. पाटीवर ३५ लिहिलं होतं. बाईंनी क्षणभर बघितलं आणि म्हणाल्या, "ही सातातून दोन वजा करतीय मॅडम! मोठ्यातून लहान. वर कोण, खाली कोण हे ती बघतच नाही."

मुलीची चूक बाईंना स्वतःलाच सापडली, मी फक्त व्हिडिओ लावला होता. पुढच्या आठवड्यात त्यांनी तिसरीच्या सगळ्या वह्या त्या नजरेनं चाळल्या, तर आणखी काही मुलं हेच करताना दिसली. मग त्यांनी फळा बाजूला ठेवला आणि प्रत्येक मुलाच्या हातात काड्या दिल्या, दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. यातून सत्तावीस मला द्या म्हणाल्या. दोन गठ्ठे दिल्यावर ती मुलगी अडली. सुट्या दोनच, द्यायच्या सात. आणि तिनं विचारलं, "बाई, गठ्ठा सोडू काय?"

हातच्याची सगळी वजाबाकी त्या एका प्रश्नात आहे. बाईंनी तो प्रश्न जसाच्या तसा लिहिला, पाटीचे आधीचे-नंतरचे फोटो जोडले, आणि ९० टक्क्यांचं वाक्य स्वतःच्या हातानं खोडलं. मी नमुना पाठवला असता तर ती मुलगी पाचवीत गेली तरी ३५ च लिहीत राहिली असती.

त्याच व्हिडिओत आणखी एक गोष्ट होती. बाई प्रश्न विचारायच्या आणि लगेच नाव घ्यायच्या किंवा उत्तर स्वतःच द्यायच्या. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं १९७० च्या दशकात हेच मोजलं होतं. प्रश्नानंतर शिक्षक साधारण एक सेकंदच थांबतात. तीन सेकंद किंवा जास्त थांबले तर मुलांची उत्तरं मोठी होतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. हे मी बाईंना लगेच सांगितलं नाही. आधी त्यांना त्यांच्याच व्हिडिओवर सेकंद मोजायला लावले. आपल्या वर्गात दिसलेलं माणूस विसरत नाही.

आता मुद्दा असा, की हे काम करायचं कुणी? माझं मत ठाम आहे. ज्याच्या हातात शिक्षकाचा गोपनीय अहवाल आहे, त्याच्याकडून हे होणार नाही. तो माणूस कितीही चांगला असो. साहेब वर्गात आले की शिक्षक हमखास जमणारा पाठच घेतो, हुशार मुलांनाच उभं करतो, पाटीवरचा ३५ झाकून ठेवतो. ज्याला धास्ती आहे तो आपली अडचण दाखवणार नाही, आणि अडचण दिसल्याशिवाय मार्गदर्शन कशावर करणार?

आपल्याकडं १९९४ पासून केंद्रप्रमुख आहेत, म्हणजे जवळपासच्या काही शाळांच्या गटाचे (केंद्राचे) प्रमुख. शाळांना शैक्षणिक मदत हा त्या पदामागचा मूळ हेतू. त्याही मागं जायचं तर शाळा संकुलाची कल्पना कोठारी आयोगानं (१९६४-६६) मांडली. जवळजवळच्या शाळांनी एकमेकींना धरून राहावं, शिक्षकांनी एकमेकांकडून शिकावं. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपल्या आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. याच जिल्ह्यातल्या माणसानं मांडायला मदत केलेली कल्पना, आणि आज माझ्या ओळखीचे कितीतरी कळकळीचे केंद्रप्रमुख दिवसभर ऑनलाइन माहिती भरून घेण्यात अडकलेले. एका पाठाला शेवटपर्यंत बसायलाही त्यांना वेळ मिळत नाही.

बरोबरीच्या शिक्षकानं हे काम करावं, असं ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अभ्यासकांनी १९८० च्या दशकापासून मांडलं. नुसत्या प्रशिक्षणातलं वर्गात फार थोडं उतरतं, सोबतीनं सराव केला तर बरंच जास्त उतरतं. पुढं त्यांनी आपलीच पद्धत बदलली. एकमेकांचा पाठ बघून अभिप्राय देणं त्यांनी बंद केलं, कारण अभिप्राय म्हटला की शिक्षक नकळत तपासनीस व्हायला लागायचे. एकत्र टाचण काढा, एकमेकांना शिकवताना बघा, आणि ज्यानं बघितलं त्यानंच त्यातून शिकावं. आपल्या शेरेबुकाच्या सवयीला हे पचायला अवघड आहे, पण मला ते पटतं.

टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेबद्दलही बरेचजण विचारतात. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त राहिलेल्या सेवेतल्या शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायला सांगितलं. तिथं गरज वेगळी आहे. १५० मिनिटांत १५० प्रश्न, आणि पंचेचाळिशीतला माणूस कित्येक वर्षांनी उत्तरपत्रिकेवर गोळे रंगवणार. त्याला सराव आणि धीर दोन्ही द्यायला हवेत, आणि ते जरूर द्यावेत. पण परीक्षेच्या क्लासलाच मार्गदर्शन समजून बाकीचं बंद करू नका, एवढंच माझं म्हणणं.

२०२० च्या शैक्षणिक धोरणात शिक्षकांसाठी वर्षाला ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा आहे, अनुभवी आणि निवृत्त शिक्षकांना मार्गदर्शक म्हणून जोडून घेण्याची राष्ट्रीय योजनाही आहे. मग सहकाऱ्याच्या वर्गात बसून बघितलेले तास त्या ५० तासांत का धरू नयेत? केंद्राच्या शिक्षण परिषदेत सूचनांना अर्धा तास द्या आणि उरलेला वेळ एका शिक्षकाच्या एका पाठाचा व्हिडिओ बघायला द्या. कोल्हापुरात निवृत्त मुख्याध्यापक, हाडाचे शिक्षक किती आहेत! त्यांना बोलवा, जाण्यायेण्याचा खर्च द्या, आणि कुणालाही गुण द्यायचे नाहीत हे पहिल्याच दिवशी सांगा.

तोवर जमेल तेवढं आम्ही करतोय. रविवारी सकाळी राजारामपुरीत माझ्या घरी काही शिक्षक जमतात, फी नाही. यायचं असेल तर आधी मेसेज करा. येताना तुमच्या एका पाठाचा व्हिडिओ आणा, सलग, न कापलेला, मागच्या रांगा दिसतील असा. आणि तीन मुलांच्या वह्या आणा, एक चांगलं जमणाऱ्याची, एक मधल्याची, एक तुम्हाला कोडं वाटतं त्याची. फाईल घरी राहू दे.