आपुलकीचं पान, पाच हजार

गावच्या मंडळाचा वार्षिक अंक काढताय ना? मग जाहिराती गोळा करत फिरू नका. किराणावाला पाव पानाचे पाचशे देतो, तेही गणपती झाल्यावर, आणि नावातली वेलांटी चुकली म्हणून वर्षभर बोलत नाही. जाहिरात विकू नका, लेख विका. चौकटीतला मजकूर कुणी वाचत नाही. ‘आमच्या वाडीच्या आठवणी’ मात्र मुंबईचा चाकरमानी डोळे पुसत वाचतो. डोळे पुसताना पेटीचा भाव नीट दिसत नाही.

आंब्याचंच घ्या. ‘उत्तम हापूस मिळेल’ असं छापलंत की वाचक विचारणार, कुठला? २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर, एवढ्यांचाच तो हापूस. घाट उतरून आलेल्या कर्नाटकी पेटीची त्यात पंचाईत होते. तेव्हा सुरुवात आजीपासून करा. माळ्यावरचा अंधार, भाताच्या पेंढ्याची अढी, तीत देठ सांभाळून मांडलेली फळं. आजी रोज एक फळ नाकाशी धरते आणि म्हणते, ‘आज नको, परवा.’ हे अगदी मन लावून लिहा. आंबा कुठला ते कुठेच लिहायचं नाही. आजी देवगडची, एवढं पुरे. शेवटच्या ओळीत फोन नंबर.

गेल्या साली मीच असा एक लेख लिहिला. शेजारचे काका अंक घेऊन थेट खळ्यात आले. ‘‘रे, तुझी आजी गिरगावात जन्मली नि थंयच गेली. ती माळ्यार चढली कधी?’’

‘‘काकानू,’’ मी म्हटलं, ‘‘ही प्रायोजित आजी.’’

प्लॉटवाल्यांकडून मात्र दुप्पट घ्या. त्यांच्या लेखाला कष्ट फार, कारण त्यात काय लिहायचं नाही याचीच यादी लांब असते. शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात शेतजमीन अशी सहजासहजी घेता येत नाही, भरतीरेषेजवळ बांधायचं तर सीआरझेडचे नियम आडवे येतात, असली रूक्ष माहिती ललित लेखाला शोभत नाही. तिथे सुरूचं बन घाला. सुरूच्या बनाला सातबारा लागत नाही. ‘समुद्र हाकेच्या अंतरावर’ असंही बिनदिक्कत लिहा. हाक किती मोठ्याने मारायची, ते ज्याचं त्याने बघावं.

‘प्रायोजित’ हा शब्द छापायचाच झाला तर अंकाला पिन मारतात तिथे छापा. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड सांगतो, आणि २०२२ च्या मार्गदर्शक सूचना म्हणतात की शिफारस करणाऱ्याचे जाहिरातदाराशी लागेबांधे असतील तर ते वाचकाला सांगा. पण आपण शिफारस कुठे करतो? आपण तर आजीची आठवण काढतो.

न छापण्याचेही पैसे घ्यावेत. वाडीतल्या एका पोराने खाडीतल्या वाळूउपशावर चांगली चार पानं लिहून आणली होती. ती पुढच्या अंकासाठी राखून ठेवलीत. पुढचा अंक कायम पुढचाच असतो.

प्रकाशन ६ जानेवारीला ठेवा. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली याच तारखेला ‘दर्पण’ सुरू केलं. त्यांचा फोटो मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला टाका, समोरच्या पानावर सुरूचं बन. स्टेजवरच्या तसबिरीला हार घाला, झेंडूचा, चांगला जाडजूड. तो प्लॉटवाल्यांकडून आलाय. त्यांचं नाव माइकवर तीनदा घ्यायला विसरू नका. त्याचे पैसे वेगळे ठरलेत.